हेनेसी रॅपर्सनी विकली म्हणे!

हा दावा अधूनमधून फिरत येतोच: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत हेनेसी कोन्याक (फ्रान्सची ब्रँडी) एवढी खपते ती रॅप गाण्यांच्या कृपेने, कंपनीला बोटसुद्धा हलवावं लागलं नाही. त्याला दोन शेपट्या. एक, चव मुळात महायुद्धावर गेलेल्या सैनिकांनी फ्रान्सहून आणली. दोन, दारू कंपन्यांतले कृष्णवर्णीय अधिकारी म्हणजे नोकरीतल्या वर्णभेदाला बंदी करणाऱ्या 1964 च्या नागरी हक्क कायद्यानंतर मांडलेल्या शोभेच्या बाहुल्या. तिन्ही गोष्टी ऐकायला झकास, पण तारखा जुळत नाहीत.

रॅपचं आधी उरकतो. पहिली गाजलेली रॅप रेकॉर्ड 1979 ची. हेनेसीच्या जाहिराती ‘एबनी’ आणि ‘जेट’ या कृष्णवर्णीय वाचकांच्या नियतकालिकांत 1951 पासून येत होत्या. चूल पेटलेलीच होती, गाण्यांनी फुंकर घातली. ती जोरदार होती, हे मान्य.

सैनिकांची गोष्ट अर्धी खरी आहे. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमची 369 वी रेजिमेंट, म्हणजे कृष्णवर्णीय सैनिकांची पलटण, पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याच्या हुकमतीखाली लढली. पण ते जवान 1919 मध्ये घरी परतले आणि जानेवारी 1920 पासून देशभर दारूबंदी! ती उठली 1933 मध्ये. चव लक्षात राहिली असेलही, पण कोन्याक बनवणारी घराणी काय एकटी हेनेसीच होती? त्यातली हीच का, याचं उत्तर खंदकात सापडत नाही.

ते सापडतं बारच्या काउंटरवर. दारूबंदी उठल्यावर अमेरिकेत साधारण तीन पायऱ्यांची व्यवस्था आली: उत्पादक किंवा आयातदार, मग घाऊक वितरक, मग दुकान-बार. आयातदाराने थेट बारमालकाला पेटी विकायची नाही. शिवाय कडक दारूवाल्यांनी स्वतःहूनच रेडिओवर 1936 पासून आणि टीव्हीवर 1948 पासून जाहिरात न करण्याचं पथ्य धरलं, ते थेट 1996 पर्यंत. मग उरलं काय? छापील जाहिरात आणि पायपीट. बारमालकाने वितरकाकडे ‘तीच बाटली पाठव’ म्हणावं, यासाठी त्याच्याशी ओळख लागते. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय वस्तीतल्या बारमध्ये ती ओळख कोणाची असणार?

इथे हर्ब डग्लस येतात. पिट्सबर्गचे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लांब उडीत कांस्यपदक. रौप्य एका सेंटिमीटरने हुकलं. पदक घेऊन आलेला हा माणूस 1950 मध्ये पाब्स्ट कंपनीची बिअर विकायला लागला. 1963 मध्ये हेनेसी आयात करणाऱ्या न्यूयॉर्कच्या शिफलिन कंपनीने त्यांना घेतलं आणि पुढे ते तिथे उपाध्यक्ष झाले. मोठ्या अमेरिकन कंपन्यांत त्या पदापर्यंत पोचलेल्या अगदी पहिल्या कृष्णवर्णीयांपैकी ते एक.

आता ‘कायद्यानंतरची बाहुली’ तपासा. 1950 आणि 1963, दोन्ही साल कायद्याच्या आधीची. शीतपेयांत पेप्सीने एडवर्ड बॉइड यांच्या हाताखाली कृष्णवर्णीय विक्रेत्यांची तुकडी उभारली ती 1940 च्या दशकात. कंपन्यांना उपरती झाली होती असं मी म्हणत नाही. त्यांना गिऱ्हाईक दिसलं होतं, आणि त्या गिऱ्हाइकापर्यंत पोचणारा माणूस त्यांच्याकडे नव्हता.

या दाव्यात खरं काही असेल तर ते वेगळंच आहे, आणि नेमकं तेच कोणी फॉरवर्ड करत नाही. या माणसांच्या पदांत बहुधा ‘स्पेशल मार्केट्स’ नाहीतर ‘अर्बन मार्केट’ असे शब्द असत. मराठीत सांगायचं तर: तुमच्या लोकांना विका, बाकीची बाजारपेठ आम्ही बघतो. बढती मिळे, पण त्याच गल्लीत. डग्लस यांना शोभेची बाहुली म्हणणं चूक आहे, ते विक्रीच करत होते. पण हीच विक्री त्यांनी साऱ्या देशाला करावी, असं सांगणारं पद त्या काळी त्यांच्यासारख्यांच्या वाट्याला क्वचितच येई.

डग्लस एप्रिल 2023 मध्ये वारले, वयाच्या 101 व्या वर्षी. रॅपची पहिली गाजलेली रेकॉर्ड आली, तेव्हा त्यांना दारू विकायला लागून 29 वर्षं झाली होती.