एका कॅपुचिनोवर थाटलेलं ऑफिस

कंपनीने घरून काम करायला सांगितलं म्हणजे घरीच बसायचं असं नसतं. घरी कुकरच्या शिट्ट्या असतात आणि ‘घरीच आहेस ना, मग सिलिंडर तेवढा उतरवून घे’ म्हणणारी माणसं असतात. तेव्हा सकाळी सॅक पाठीला लावा आणि बाणेर, कोथरूड, प्रभात रोड किंवा कोरेगाव पार्क, जिथे पार्किंग मिळेल तिथला कॅफे धरा. (पार्किंग मिळणार नाही. गाडी नो पार्किंगच्या पाटीखाली लावा आणि टोइंगवाले आले तर हाक मारायची, असं वेटरला आत शिरतानाच सांगून ठेवा. तेवढाच त्याचा उपयोग.)

आत गेल्यावर मेन्यू बघू नका, भिंती बघा. प्लग पॉइंट कुठे आहे ते हेरा. दोघांच्या टेबलावर बसतात ते नवखे. तुम्ही चौघांचं घ्या. एका खुर्चीवर तुम्ही, दुसरीवर सॅक, तिसरीवर हेल्मेट. चौथी मोकळी राहू द्या, म्हणजे कुणी मागितली की ‘येतोय एक जण’ म्हणता येतं. हा एक जण पुण्यातल्या यच्चयावत कॅफेंमध्ये गेली काही वर्षं येतोय.

मग एक कॅपुचिनो मागवा आणि ती संपवू नका, यात सगळं आलं. तळाशी बोटभर कॉफी शिल्लक ठेवा. ती गार होईल, फेस कपाच्या कडेला वाळेल, पण कप टेबलावर आहे तोवर तुम्ही गिऱ्हाईक आहात. कप उचलला गेला की तुम्ही नुसतेच बसलेले. वेटर दर अर्ध्या तासाने येऊन ‘सर, हे घेऊन जाऊ?’ असं विचारील. स्क्रीनवरची नजर न काढता कपावर तळहात ठेवा. उडप्याच्या हॉटेलात मात्र हे करायला जाऊ नका. तिथे सांबार संपायच्या आत बडीशेपेबरोबर बिल येतं आणि ‘अजून काही?’ हा प्रश्न नसतो.

विजेवरून कुणी बोललंच तर हिशेब तोंडपाठ असू द्या. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा. तो आठ तास पूर्ण जोराने ओढत राहिला तरी जेमतेम अर्धा युनिट जळतो. अर्ध्या युनिटासाठी हा माणूस आपल्याकडे असा बघतो! मालक म्हणेल, ‘विजेचं नाही हो सर, टेबलाचं आहे. दुपारी एक ते तीन या टेबलावर चार-चार जणांच्या दोन पंगती उठल्या असत्या.’ त्याने असं काही सुरू केलं की हेडफोन कानाला लावा.

कारण त्याचा हिशेब फार ऐकण्यासारखा नाही. तुमची कॅपुचिनो, समजा, २४० रुपयांची. त्यावर ५ टक्के जीएसटी, झाले २५२. सहा तास बसलात तर तासाला ४२ रुपये. तेवढ्यात एसी, वाय-फाय, पिण्याचं पाणी, स्वच्छ संडास आणि तुमचे कोपर टेकलेले असताना भोवतीनं टेबल पुसून देणारा माणूस. २०२० नंतर कंपनीने खराडीतला एक मजला सोडला आणि भाडं वाचवलं. तुम्ही को-वर्किंगमधल्या टेबलाचे महिन्याचे पैसे वाचवले. पण पुण्यात माणूस कुठेही टेकला की त्या जागेचं भाडं कुणाला तरी भरावंच लागतं. ते आता कॅफेवाला भरतो. त्याच्या करारात दरवर्षी भाडं वाढण्याचं कलम असतं, तुमच्या कपात नसतं. म्हणजे एका बहुराष्ट्रीय कंपनीचा ऑफिसखर्च सँडविच विकणारा माणूस उचलतो आहे, आणि त्याला अजून त्यांच्या वार्षिक अहवालात आभाराची एक ओळही मिळालेली नाही.

बिलात सेवाशुल्क दिसलं तर मात्र जागे व्हा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हॉटेलांनी ते आपणहून बिलात लावू नये, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. हे वेटरला नीट समजावून सांगा, रक्कम वजा करून घ्या आणि टीप ठेवायला विसरा. नियमाप्रमाणे टीप ऐच्छिक आहे. टोइंगवाले आल्यावर पळत सांगायला येणंही ऐच्छिकच असतं, पण ते त्याने करावं.

मीटिंग असेल तर आवाज लावूनच बोला. सुरुवात ‘ऑडिबल आहे ना मी?’ अशी करा; आहात, समोरच्या पानवाल्यालाही आहात. झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग ४० मिनिटांत तुटते, तेव्हा पुन्हा जोडताना आधीचं सगळं पहिल्यापासून सांगा. शेजारच्या टेबलावर स्थळ म्हणून पहिल्यांदाच भेटलेले दोघं हमखास असतात. ‘तुम्हाला वाचनाची आवड आहे का?’ यानंतर त्यांच्यात जी शांतता पसरते ती तुमच्या स्प्रिंट रिव्ह्यूने, म्हणजे टीमच्या कामाच्या आढाव्याने, भरून निघते. क्लायंटचं नाव, त्याने अडवलेलं बिल आणि टीममधला कोण राजीनामा टाकणार आहे हे सगळं त्यांना कळतं. दोघांना बोलायला विषय मिळतो.

गुरुवारी लवकर पोचा. पुण्यात गुरुवार हा देखभाल-दुरुस्तीचा वार. महावितरण वीज घालवतं, महापालिका पाणी, आणि मग अख्खी सोसायटी चार्जर घेऊन खाली उतरते. अशा वेळी एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसं तीन टेबलांवर तीन चार्जर टाकून ठेवा आणि मित्रांना फोन करा. ते डबे घेऊन येतील. येऊ द्या. मेन्यूत पोळी-भाजी नाही, यात त्यांचा काय दोष?

कुणी नाव ठेवलंच तर परंपरेचा आधार घ्या. १६८० च्या दशकात लंडनमध्ये एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाचं कॉफीहाउस होतं. जहाजवाले आणि विमा उतरवणारे तिथे येऊन असे ठिय्या देऊन बसले की त्यातूनच लॉइड्स हा विम्याचा बाजार उभा राहिला. तिथल्या गणवेशातल्या सेवकांना अजूनही वेटर म्हणतात. म्हणजे तुम्ही नेट लावून बसलात तर कॅफेवालाच एक दिवस तुमच्या कंपनीत शिपाई होईल. लंडन फार लांब वाटलं तर इराण्याचा दाखला द्या. डेक्कनचं गुडलक १९३५ पासून आहे, तिथे चहा-बनमस्क्यावर तासन्‌तास बसून कितीक पिढ्यांनी वेळ काढला. त्यातली फक्त एक गोष्ट सांगू नका, की ते चौघं एकाच टेबलावर बसायचे, आणि एकमेकांशी बोलायचे.

कॅफेवालेही धुतल्या तांदळासारखे नाहीत, हे सांगायलाच हवं. उद्‌घाटनाच्या आठवड्यात इन्स्टाग्रामवर लॅपटॉप, कुंडीतलं रोप आणि कॉफीचा फोटो टाकून ‘इथे बसून काम करा’ असं यांनीच लिहिलं होतं. आता सहा महिन्यांत तेच प्लग पॉइंटवर चिकटपट्टी लावतात, वाय-फायला तासाभराचा ओटीपी ठेवतात, खुर्च्या काढून पाठ नसलेली उंच स्टुलं मांडतात, आणि शेवटी काउंटरवर एक पाटी येते: ‘शनिवार-रविवार लॅपटॉप बंद ठेवावेत.’ पाटी लागली की घाबरू नका. टॅब काढा. पाटीत टॅबचा उल्लेख नाही.

पुढे कधीतरी त्या दाराला कुलूप आणि काचेवर ‘जागा भाड्याने देणे आहे’ असं दिसेल. तेव्हा दोन मिनिटं थांबून काचेचा फोटो काढा, स्टोरी टाका, ‘माझं पहिलं प्रॉडक्ट इथे लाँच झालं, पुणं बदलतंय’ असं लिहा आणि खाली एक तुटलेलं हृदय. मग पलीकडच्या गल्लीत नवीन उघडलेल्या कॅफेत जा. संध्याकाळपर्यंत बसा आणि निघताना रिव्ह्यू टाका: ‘कॉफी ठीक. प्लग पॉइंट चार, पैकी एक सैल. खुर्च्यांना गादी नाही. स्टाफ सारखं काहीतरी हवंय का विचारतो. तीन तारे.’