गॅस भरण्याआधी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

हीट पंप (उन्हाळ्यात घर गार आणि हिवाळ्यात गरम करणारं एकच यंत्र) घर नीट गार करत नसेल तर काय काय तपासावं, या माझ्या लेखावर तुम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटहून सविस्तर आणि खरमरीत लिहिलंत. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. (अंश सगळे फॅरनहाइट.)

गेल्या जुलैत तुमचं घर ७९ अंशांखाली उतरेना. टेक्निशियनने दोन पौंड गॅस (यंत्रातला उष्णता वाहून नेणारा रेफ्रिजरंट) भरला आणि संध्याकाळपर्यंत घर गार झालं. यंदा मे महिन्यात पुन्हा तीच तक्रार, पुन्हा गॅस, पुन्हा गार. म्हणून तुमचा पहिला आक्षेप असा की गॅसचा मुद्दा यादीत सगळ्यात वर हवा. मी तो फिल्टर, कॉइल (हवेशी उष्णतेची देवाणघेवाण करणारी नळ्यांची जाळी), डक्ट (गार हवा खोल्यांत नेणारे मार्ग) यांच्या मागे ढकलून लोकांना ऐन उन्हाळ्यात ताटकळत ठेवतो. दुसरा आक्षेप, हीट पंप उन्हाळ्यात निव्वळ एसीच असतो, मग रिव्हर्सिंग व्हॉल्व्हचं (गॅसची दिशा उलटवून यंत्राला गारव्यावरून उबेवर नेणाऱ्या झडपेचं) पुराण कशाला? तिसरा, यंत्रात जाणारी हवा आणि व्हेंटमधून येणारी गार हवा यांच्या तापमानातला मी सांगितलेला २० अंशांचा फरक तुमच्याकडे येतच नाही, १४ येतो, म्हणजे माझा आकडा पुस्तकी. आणि चौथा, असले लेख वाचून लोक स्क्रू ड्रायव्हर घेऊन पेटी उघडायला जातात.

तुमच्या प्रतिक्रियेतलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: ‘यंदा मे महिन्यात परत भरला.’ हे वाक्य तुमच्या बाजूचा पुरावा म्हणून आलंय, पण ते साक्ष माझ्या बाजूने देतं. गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो तांब्याच्या बंद नळ्यांतून फिरतो, आत उष्णता उचलतो, बाहेर टाकतो, पुन्हा आत येतो. कारखान्यातून भरून आलेला गॅस यंत्राच्या आयुष्यभर पुरायला हवा. तीन टनांच्या (टन हे इथे गारव्याच्या ताकदीचं माप, वजन नव्हे) घरगुती यंत्रणेत सहसा सहा ते दहा पौंडांच्या आसपास गॅस असतो. त्यातला एवढा भाग वर्षभराच्या आत गेला असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि ते दोन्ही वेळा कुणी शोधलेलं नाही. पंक्चर न काढता हवा भरली की सायकल चालतेच, फक्त किती लांब जाते एवढाच प्रश्न.

‘आपल्याकडे दर उन्हाळ्याआधी एसीत गॅस भरतातच की’ असंही तुम्ही लिहिलंय. भरतात, खरं आहे. पुण्या-नागपुरात भिंतीवरच्या स्प्लिट एसीच्या नळ्या जागेवर कापून, टोकं फुलवून, नटाने आवळतात. नट कमी आवळला किंवा फुलवलेली कड चिरली की तिथून हळूहळू गळतं, आणि मग ‘सर्व्हिसिंग’मध्ये गॅस ही ठरलेलीच बाब होऊन बसते. तिथेही ती गळतीच असते. तुमच्या-माझ्या इथल्या डक्टवाल्या यंत्रणेत सांधे बहुधा ब्रेझ केलेले (धातू वितळवून पक्के जोडलेले) असतात, तेव्हा ती सवय इथे आणायचं तर आणखीच कारण नाही. इथे गळती जास्त करून सापडते ती आतल्या कॉइलमध्ये, दाब मोजायचं गेज लावायच्या झडपांच्या गाभ्यात किंवा नळ्या एकमेकींवर घासतात तिथे. कॉइलच्या तांब्याला एक विचित्र रोग होतो. घरातल्या फर्निचरच्या, रंगाच्या, सफाईच्या द्रावणांच्या वाफांतून तयार होणारी सौम्य आम्लं ओलसर तांब्यात मुंगीच्या वारुळासारखी सूक्ष्म बिळं पाडतात. डोळ्यांना काही दिसत नाही, साबणाच्या फेसालाही कधीकधी सापडत नाही.

आता गॅस शेवटी का? लोकांनी फिल्टरवर समाधान मानावं म्हणून नव्हे. कारण गेजवरचा आकडा हवेच्या प्रवाहावर अवलंबून असतो, आणि हवा कमी असताना घेतलेलं मोजमाप ‘गॅस कमी आहे’ असं खोटं सांगू शकतं.

आतल्या कॉइलवरून घरातली गरम हवा गेली तरच आतला द्रव उकळतो. दर टनामागे मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा हा ढोबळ हिशोब. आपल्या कॅरोलायनासारख्या दमट भागात मुद्दाम ३५०च्या आसपास ठेवतात. फिल्टर तुंबला, किंवा ॲलर्जी आहे म्हणून कुणी एक इंच जाडीच्या खाचेत मर्व्ह १३चा (बारीक कणही अडवणारा) दाट फिल्टर कोंबला, किंवा सोफा रिटर्नच्या (घरातली हवा यंत्राकडे परत खेचणाऱ्या) जाळीला टेकला, की हवा घटते. उष्णता कमी मिळाली की सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या नळीतला, दाब पडतो. आर-४१०ए या तुमच्या यंत्रातल्या गॅसमध्ये ११८ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) आसपास कॉइल ४० अंशांवर असते. दाब १०० पर्यंत उतरला की ती पाणी गोठण्याच्या उंबरठ्यावर येते आणि बर्फ धरू लागते. बर्फामुळे हवा आणखी अडते, दाब आणखी पडतो. अशा वेळी आलेला माणूस फक्त सक्शनचा दाब दाखवणाऱ्या निळ्या गेजकडे बघेल तर म्हणेल, ‘साहेब, गॅस कमी आहे.’ तो गॅस ओतेल, आकडा वर येईल, तुम्ही चेक द्याल. पुढे कधी फिल्टर बदलला की यंत्रणेत गॅस जास्त, बाहेरच्या कॉइलमधला दाब चढलेला आणि कॉम्प्रेसर धापा टाकतोय.

जाणकार टेक्निशियन दाबाबरोबर नळ्यांचं तापमानही घेतो आणि दोन आकडे काढतो, सुपरहीट (आतल्या कॉइलमधून निघालेला वायू उकळण्याच्या तापमानाच्या किती अंश वर गेलाय) आणि सबकूलिंग (बाहेरच्या कॉइलमधून निघालेला द्रव त्याच्या द्रव होण्याच्या तापमानाच्या किती अंश खाली गेलाय). सक्शनचा दाब कमी आणि सुपरहीटही कमी असेल तर संशय हवेवर. दाब कमी, सुपरहीट जास्त, सबकूलिंग कमी असेल तर गॅस खरोखर कमी आहे. सुपरहीट जास्त आणि सबकूलिंगही जास्त असेल तर द्रव कुठेतरी अडकून बसलाय, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (कॉइलमध्ये किती द्रव सोडायचा हे ठरवणाऱ्या झडपेत) नाहीतर ड्रायरमध्ये (गॅसमधली ओल आणि कचरा टिपणाऱ्या डबीत). अशा वेळी गॅस भरणं म्हणजे दुखणं वाढवणं. तुमच्या दोन्ही बिलांवर यातला एकही आकडा नाही असं तुम्हीच लिहिलंय. फक्त पौंड आणि डॉलर आहेत. म्हणजे तुमच्याकडे गॅस कमी नव्हता असं मी म्हणत नाही. दोनदा फरक पडला, तेव्हा बहुधा होताच. पण तो का कमी झाला हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, आणि पुढच्या जुलैत तुम्ही पुन्हा तिथेच असाल.

दुसऱ्या आक्षेपावर जरा रेंगाळतो, कारण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. हीट पंप उन्हाळ्यात एसीसारखाच चालतो, हे मान्य. पण एसीमध्ये नसलेल्या तीन-चार वस्तू त्यात आहेत आणि त्या उन्हाळ्यातही बिघडतात.

रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह आत अर्धवट अडकला तर कॉम्प्रेसरमधून निघालेला तापलेला वायू थेट परतीच्या नळीत मिसळतो. सक्शनचा दाब जास्त, बाहेरच्या कॉइलमधला दाब कमी, घर गार होत नाही, आणि निदान होतं ‘कॉम्प्रेसर गेला’. काही हजार डॉलरचं कोटेशन हातात पडतं. याची तपासणी सोपी आहे: आतल्या कॉइलकडून व्हॉल्व्हमध्ये येणाऱ्या आणि व्हॉल्व्हमधून कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या नळीचं तापमान घ्यायचं. दोन्ही जवळपास सारखी हवीत. तीन-चार अंशांहून ठळक फरक दिसला तर व्हॉल्व्ह आतून गळतोय. कॉम्प्रेसरवर सही करण्याआधी ही दोन तापमानं मागा.

नवा थर्मोस्टॅट बसवल्यापासून गरम हवा येऊ लागली असेल तर आधी ओ/बी ही (रिव्हर्सिंग व्हॉल्व्हला वीज कधी द्यायची हे ठरवणारी) सेटिंग बघा. बहुतेक कंपन्यांच्या यंत्रांत गारव्याच्या वेळी व्हॉल्व्हला वीज मिळते, रीम आणि रूडच्या यंत्रांत ती ऊब देताना मिळते. थर्मोस्टॅटला हे उलटं सांगितलं गेलं की मेमध्ये घरात हिवाळ्याची सोय होते.

आणि हीट स्ट्रिप. हिवाळ्यात मदतीला येणारी विजेची कॉइल एअर हँडलरमध्ये (घरातल्या पंखा आणि कॉइलच्या पेटीत) असते. तिचा रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) चिकटला तर ती उन्हाळ्यातही तापत राहते, आणि थर्मोस्टॅटवर त्याची काहीच खूण नसते. एक ५ किलोवॉटची स्ट्रिप तासाला सुमारे १७,००० बीटीयू उष्णता ओतते. तुमच्या तीन टनांच्या यंत्राची पूर्ण ताकद ३६,०००. म्हणजे जवळजवळ निम्मा गारवा घरातल्या घरातच खर्ची पडतो. टेक्निशियनने क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून वीजप्रवाह मोजायचं साधन) लावला की २४० व्होल्टवर साधारण २१ अँपिअर जास्तीचे दिसतात. काम मिनिटभराचं आहे, पण सांगितल्याशिवाय फारसं कुणी करत नाही.

हीट पंप हा एसी नाही याचा तुम्हाला एक फायदाही आहे. तोच गॅस हिवाळ्यातही काम करतो, त्यामुळे तुमच्या गळतीची नोंद गेल्या हिवाळ्यात झालेली असणार. गॅस कमी असला तरी घर गरम राहतं, कारण कमी पडलेली ऊब स्ट्रिप भरून काढते. घरातल्यांना कळत नाही, विजेच्या मीटरला कळतं. जानेवारी-फेब्रुवारीची बिलं काढा आणि आधीच्या वर्षाच्या त्याच महिन्यांतली युनिटं शेजारी ठेवा. थंडी दोन्ही वर्षी तेवढीच असून युनिटं खूप वाढली असतील तर गळती तेव्हाही चालूच होती असा दाट संशय घ्या. उलट हिवाळ्यात स्ट्रिपशिवाय घर छान गरम झालं आणि फक्त उन्हाळ्यातच रडारड असेल, तर गॅसपेक्षा आतला एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, मळलेली बाहेरची कॉइल किंवा चिकटलेली स्ट्रिप यांच्याकडे आधी बघावं. बाहेरच्या कॉइलचं म्हणाल तर एप्रिलमध्ये पाइनचे पिवळे पराग, मग गवत कापल्याचा भुगा, आणि काही घरांत कपडे वाळवायच्या ड्रायरचं तोंड तिच्याकडेच, तेव्हा त्याची लव. ब्रेकर बंद करून बागेच्या नळीने हळुवार धुतली तरी तिच्यातला चढलेला दाब उतरतो. प्रेशर वॉशर मात्र नको, पत्र्याच्या पात्या झोपतात.

तुमचे १४ अंश. लेखात २०च्या आसपास लिहिलं होतं ते ७५ अंशांच्या, ५० टक्के आर्द्रतेच्या घरासाठी, आणि ही अट तिथेच दिली आहे. मोजायचं रिटर्नपाशी आणि एअर हँडलरजवळच्या व्हेंटपाशी, यंत्र पंधरा-वीस मिनिटं सलग चालल्यावर. घरात आर्द्रता ६५-७० टक्के असेल तर यंत्राची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते आणि तापमानातला फरक १५-१६ पर्यंत सहज खाली येतो. ते वाया जात नाही. तीन टनांचं यंत्र साध्या दिवशीही तासाला गॅलनभर पाणी काढतं, दमट दिवशी त्याहून जास्त. ड्रेनच्या नळीतून धार लागलेली दिसत असेल तर १४ अंशांवर टेक्निशियनने ‘ठीक आहे’ म्हणणं पटण्यासारखं आहे. घरातली आर्द्रता ५० टक्के असून १४च येत असतील, तर ठीक नाही. दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक आणा, त्याशिवाय हा वाद मिटायचा नाही. आणि फरक जितका जास्त तितकं यंत्र चांगलं, असंही समजू नका: २५-२६ आला तर हवा कमी पडतेय, आनंद मानू नये.

व्हेंटचा फरक चांगला असूनही वरचा मजला तापत असेल तर दोष यंत्रात नसेलच. एनर्जी स्टारच्या म्हणण्यानुसार साधारण घरात २० ते ३० टक्के हवा डक्टच्या गळतीत जाते. आपल्याकडे डक्ट अ‍ॅटिकमध्ये (छताखालच्या पोकळीत) नाहीतर क्रॉल स्पेसमध्ये (घराच्या तळाखालच्या बुटक्या पोकळीत), म्हणजे पैसे मोजून गार केलेली हवा कौलांखालच्या भट्टीला.

चौथ्या आक्षेपाबाबत: गॅसला हात लावायचा परवानाच आपल्याला नाही. क्लीन एअर अ‍ॅक्टच्या कलम ६०८ खाली प्रमाणपत्र असलेल्या माणसानेच ते काम करायचं, आणि २०१८ पासून आर-४१०ए विकतही त्यालाच मिळतो. बाहेरच्या पेटीतला कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) वीज बंद केल्यावरही झटका देऊ शकतो, म्हणून तो घरमालकाच्या यादीत मी घातलेला नाही. माझ्या यादीतलं सगळं काम फिल्टर, थर्मामीटर, बागेची नळी आणि विजेची बिलं एवढ्यावर भागतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर तिसऱ्यांदा गॅस भरून घेऊ नका. गळती शोधायला म्हणून वेगळी वेळ घ्या. इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरने आतली कॉइल तपासायला सांगा. सापडली नाही तर गॅस काढून घेऊन नायट्रोजनच्या दाबाखाली यंत्रणा ठेवायची आणि दाब टिकतो का बघायचं. त्याचे पैसे लागतात, पण दर वर्षी दोन पौंडांचेही लागतातच. दुरुस्तीच्या वेळी ड्रायर बदलला तर तो दोन्ही दिशांनी चालणारा, हीट पंपाचाच हवा. एसीचा एकाच दिशेचा बसवला तर हिवाळ्यात पंचाईत.

गळती आतल्या कॉइलमध्येच निघाली तर एक गोष्ट आधीच विचारून ठेवा. २०२५ पासून आर-४१०ए वर चालणारी नवी घरगुती यंत्रणा बनवणं अमेरिकेत बंद झालंय, नव्या यंत्रांत आर-४५४बी किंवा आर-३२ हा वेगळा गॅस असतो आणि हे दोन्ही तुमच्या जुन्या यंत्रात चालत नाहीत. त्यामुळे तुमच्या मॉडेलची आर-४१०एची कॉइल अजून मिळते का, ती वॉरंटीत आहे का, आणि मजुरी कोण देणार, ही तीन उत्तरं हातात आल्याशिवाय ‘पूर्ण युनिटच बदला’ला हो म्हणू नका. सुपरहीट, सबकूलिंग आणि घरातली आर्द्रता हे आकडे मिळाले की इथेच खाली लिहा, सोबत बाहेरच्या पेटीच्या पाटीवर छापलेला गॅसचा आकडाही द्या.