रुमाल

रविवारी रात्री अपडेटला 'वाय' दाबून झोपलो, एवढीच माझी चूक. घरातला लिनक्सवाला संगणक रोज रात्री दोन वाजता आपला आपण चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या पोटातले संगणक, बांधतो, सकाळी पुण्याच्या हापिसला ती तयार मिळतात. सोमवारी बघतो तर चारही लाल. ती चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सची तक्रार एकच : व्हीटी-एक्स, म्हणजे प्रोसेसरमधली त्यासाठीची सोय, दुसऱ्याच हायपरव्हायझरच्या (अशी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) वापरात आहे. दुसरा कोण? घरात दुसरा नाहीच!

साहेबांचा मेसेज आला, "सोलापूरला लाईट नाही का?" लाईट होती हो. इथलं काहीही बिघडलं की लाईट नाहीतर ऊन, अशी त्यांची ठाम समजूत. शेंगाचटणी मात्र दर खेपेला अर्धा किलो लागते.

तेवढ्यात शेजारचे अण्णा वीजबिल घेऊन आले. अण्णांचा जन्म चादरीच्या मागावर गेला.

"का बे, तोंड का उतरलंय?"

"मशीन बंद पडलंय, अण्णा."

"हे तर चालतंय की."

"ह्याच्या आतलं. ते खरं नसतं."

"खोटं आहे?"

"खोटं नाही. आभासी."

अण्णांनी चष्मा पुसला. "म्हणजे जे नाहीच, ते बंद पडलं म्हणून तू सकाळपासून चहा घेतला नाहीस?"

मी मुकाट्याने त्यांच्या बिलाचं पान उघडलं आणि शेजारी शोधत राहिलो. तासाभराने सापडलं. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, केव्हीएम हा त्याचा स्वतःचा हायपरव्हायझर असतो. कर्नल ६.११ पर्यंत केव्हीएम पहिलं मशीन सुरू होईपर्यंत प्रोसेसरच्या त्या सोयीला हात लावत नसे. ६.१२ पासून लोड होतानाच ती धरून बसतं, कुणी वापरो न वापरो. कुणाचं तरी पहिलं मशीन जरा लवकर उठावं म्हणून माझी चार झोपवली. हे मी अण्णांना सांगितलं, बहुधा ओरडूनच.

"एसटीत रुमाल टाकलाय की," अण्णा म्हणाले. "माणूस खाली उसाचा रस पितोय. उचल रुमाल आणि बस."

मला रागच आला. तासभर मी वाचायचं आणि ह्यांनी एका वाक्यात उरकायचं!

उपाय तेवढाच निघाला. बूटच्या ओळीत 'केव्हीएम डॉट एनेबल व्हर्ट ॲट लोड'पुढे शून्य. त्या तिरमिरीत लिहिलं आणि रीबूट मारला. पडदा काळा झाल्यावर आठवलं, बिलाचे पैसे जाऊन पावती यायची होती.

अण्णा पडद्याकडे बघत राहिले.

"बिल खरं होतं बे."