फ्रेडी मर्क्युरीनं घसा फोडून आवाज कमावला नव्हता

"पाचगणीचा पोरगा. चार दात जादा, म्हणून चार सप्तकं. गाणं कधी शिकला नाही, घसा बसेपर्यंत ओरडायचा, तेव्हा आवाजाला धार आली." क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्याबद्दलचा हा मेसेज कोल्हापुरात गॅदरिंगच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्या भाच्यानं तो खरा मानला आणि चार दिवसांत घसा बसवून घेतला.

पाचगणीला तो शाळेत होता. जन्म झांजिबारचा, 1946. जादा दात होते, हे मान्य. पण स्वराची उंची ठरते स्वरतंतूंवर, दातांवर नाही. आवाजाचे अभ्यासक ख्रिस्तियन हर्बस्ट आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये त्याची ध्वनिमुद्रणं मोजली, तेव्हा पल्ला भरला 37 अर्धस्वर (एका सप्तकात बारा), म्हणजे तीन सप्तकं आणि वर एक अर्धस्वर. गळ्याची रीतसर तालीम नसेल, पण पियानो तो शाळेतच शिकला होता.

खरा घात ओरडण्याच्या सल्ल्यात आहे. त्याच अभ्यासात एका गायकाकडून फ्रेडीच्या आवाजासारखी खरखर काढून घेतली आणि सेकंदाला 4132 चित्रं टिपणारा कॅमेरा घशात लावला. खऱ्या स्वरतंतूंची तीन कंपनं होतात तेव्हा त्यांच्या वरच्या खोट्या स्वरतंतूंचं एक होतं, खरखर येते ती तिथून. घसा फाडून नव्हे. जोर लावून ओरडलं की स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, सुजतात आणि पुढे गाठी धरतात. फ्रेडीलाही गाठींनी छळलं. 1975 च्या अमेरिका दौऱ्यातले कार्यक्रम घशापायी रद्द झाले.

आणि हे कोल्हापूरला कुणी सांगावं लागतं? शाहू महाराजांच्या दरबारचे गायक अल्लादिया खाँसाहेब! या दरबारात येण्याआधी अतिगायनानं त्यांचा आवाज गेला, पहिल्यासारखा परत आलाच नाही. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांना नव्यानं बांधावी लागली.

पोरं स्टेजवर ओरडतात, कारण ड्रमपुढे स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. मॉनिटर, म्हणजे गायकाला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, माइकच्या बरोबर पाठीमागे, गायकाकडे तोंड करून ठेवा. माइकची जाळी मुठीत धरू नका, शिट्टी मारतो. तोंडापासून दोन बोटं पुरेत. गाण्याआधी स्ट्रॉचं टोक पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवून पाच मिनिटं त्यातून सूर धरा. घसा बसला तर गाणं थांबवा. कुजबुजूही नका, त्यानंही ताण येतो. तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर नाक-कान-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू दुर्बिणीनं तपासून घ्या.