बॉयलर बंद पडण्याआधीच ठरवायला हवे

सभागृहे, वाचनालये, शाळा, प्रार्थनास्थळे अशा सर्वांच्या वापरातील इमारती डिझेल आणि गॅसवरून विजेवर न्याव्यात, या मताचा मी आहे. मात्र या चर्चेत 'वीज' हा शब्द ज्या सैलपणे वापरला जातो, तो मला खटकतो. इमारत गरम ठेवायची, तर साध्या हीटरला एक युनिट वीज दिली की एक युनिटच उष्णता मिळते. ती वीज कोळशाची असेल, तर औष्णिक केंद्रातच इंधनातील जवळपास दोन तृतीयांश ऊर्जा वाया गेलेली असते आणि त्यापेक्षा इमारतीत गॅस जाळलेला बरा, असा उफराटा हिशेब निघतो. हीट पंप मात्र उष्णता निर्माण करत नाही. बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून आत आणतो आणि एका युनिटमागे साधारण ३ युनिट उष्णता देतो. इंधनातील ऊर्जेच्या हिशेबात कोळशाच्या विजेवरही तो गॅसच्या बॉयलरच्या फारसा मागे राहत नाही, आणि वीज जसजशी स्वच्छ होत जाते, तसतसा पुढे निघून जातो.

खरी अडचण वापराच्या पद्धतीत आहे. सभागृह आठवड्यातून काही तासच उघडते, आणि ७०-८० अंशांचे पाणी फिरवणारा जुना बॉयलर ते झटकन गरम करतो. हीट पंप ३५ ते ५० अंशांच्या पाण्यावर उत्तम चालतो, म्हणजे त्याला मोठे रेडिएटर (गरम पाणी आतून फिरवून खोली तापवणारी उपकरणे) आणि अधिक वेळ लागतो. म्हणून आधी छताचे उष्णतारोधन करावे, दारे-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात. मग यंत्रही लहान पुरते. (हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, म्हणूनच बहुधा ते मागे पडते.)

डिझेल जनरेटरबद्दल मात्र माझ्या मनात दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला, आणि आपण तो मुलांच्या खेळण्याच्या जागेशेजारी सोडतो.

समित्या हा विषय हाती घेतात तो ऐन थंडीत बॉयलर बंद पडल्यावर. तेव्हा दोन दिवसांत जे बसवता येईल तेच बसते, म्हणजे पुन्हा गॅसचाच बॉयलर, आणि पुढची १५-२० वर्षे त्यातच जातात. मंजूर वीजभार वाढवून घेण्यासच कधीकधी काही महिने लागतात, त्यामुळे तो अर्ज जुने यंत्र चालू असतानाच करावा. स्वयंपाकघरातील शेगडीही त्याच वेळी इंडक्शनवर न्यावी, कारण गॅसची एक शेगडी जरी मागे राहिली, तरी जोडणीचा स्थिर आकार भरतच राहावा लागतो.