टॉवेल-टोपीचं अंदाजपत्रक

तुळशीचं लग्न लागतं, सोयाबीन मोंढ्यात जातं आणि तुमच्या उंबऱ्यात पत्रिका पडायला लागतात. मग तुम्ही काय करता? लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पिशवी घेऊन दुकान गाठता. दुकानदार तुमच्या घामाकडं बघूनच ओळखतो की ह्याला उद्या सकाळच्या गाडीनं निघायचंय, आणि मगच भाव सांगतो. ही सवय आधी मोडा. पेवात ज्वारी भरून ठेवणाऱ्यांची आपण नातवंडं. साडीच्या बाबतीत इतके गाफील कसे राहतो, देव जाणे.

आहेर घ्यायचा तो आषाढात. लग्नं उरकलेली असतात, संभाजीनगरच्या गुलमंडीवरचे दुकानदार तक्क्याला टेकून पंख्याकडं बघत असतात, गठ्ठ्यानं माल मागणारं गिऱ्हाईक दिसलं तर चहासुद्धा मागवतात. अडचण म्हणाल तर एवढीच की त्याच दिवसांत पेरणी असते आणि घरात होता नव्हता तो पैसा बी-खताच्या दुकानात जातो. इथं डोकं चालवायचं. डीएपीची ५० किलोची गोणी १३५० रुपयांना. तेवढ्यात आहेराच्या पाच-सहा साड्या सहज बसतात. खत एक गोणी कमी पडलं तर सोयाबीन तोंड उघडत नाही. आहेर कमी पडला तर आत्या उघडते, आणि ती नेमकी माइकच्या जवळ उभी असते.

खरेदीला स्वतः जाऊ नका. घरात पंचाहत्तरी ओलांडलेली आजी असेल तर तिला पाठवा. २०२२ पासून तिला एसटी फुकट आहे. आजी नसेल तर बायकोला पाठवा, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. तुम्ही गेलात की पूर्ण तिकीट, वर स्टँडवरची भजी, म्हणजे साडीमागं वाचलेले रुपये तिथंच तळले गेले. लातूरकरांनी गंजगोलाईचा फायदा घ्यावा. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. सोळाही रस्त्यांवर भाव विचारावा आणि शेवटी पहिल्याच दुकानात परत यावं. तोवर तिथला भाव वाढलेला असतो, पण तुमचे पाय इतके दुखत असतात की तो तुम्हाला रास्त वाटतो. जालन्याच्या लोकांना एक सूचना : आपलं गाव स्टीलसाठी प्रसिद्ध आहे म्हणून तिकडं पाहुण्यांना भांडी आणायला पाठवू नका. तिथं सळई मिळते. ती आहेरात बसत नाही, अजून तरी.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे वही. तुमच्या लग्नातली आहेराची वही ट्रंकेतून बाहेर काढा. गावातल्या अक्षर बरं असलेल्या मास्तरांनी मांडवाच्या कोपऱ्यात बसून लिहिलेली, हळदीच्या बोटांचे डाग पडलेली. लोक ती आठवण म्हणून जपतात. ती आठवण नव्हे, तो सातबारा आहे. कोणावर किती बोजा आहे आणि आपल्यावर कोणाचा, सगळं त्यात आहे. केंद्र सरकारनं २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये जाहीर केला. मोंढ्यात तो मिळतोच असं कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. ओलावा निघतो, काडीकचरा निघतो. पण वहीत ‘मामाकडून ५१’ लिहिलेलं असलं, तर त्या मामाला ते परत मिळतातच, वर चार रुपये चढवून मिळतात. मराठवाड्यात खरोखर लागू असलेला हमीभाव हा एवढाच, आणि त्याला ना नोंदणी लागते ना ग्रेडर.

तेव्हा वहीतल्या नावांसमोर पेन्सिलीनं एक खूण करत चला. ज्यांच्या घरी अजून पोरी-पोरं लग्नाची आहेत त्यांच्याकडचं आपलं देणं बाकी आहे. त्यांना टाळता येत नाही. ज्यांची सगळी लग्नं उरकली त्यांच्याकडून आता आपल्याला काही येणार नाही आणि त्यांना काही द्यायची वेळही येणार नाही. अशा लोकांशी बोलणं हळूहळू कमी करावं. निदान दिवाळीच्या फराळाचा डबा तरी थांबवावा. आणि नवीन ओळखी करताना नीट बघा : चार पोरांचा बाप भेटला तर लांबूनच रामराम.

वहीचा हिशेब जमला की कपाटाकडं वळा. आषाढात आणलेला माल ठेवायचा कुठं, हा प्रश्न आहेच. पण त्याहून मोठा प्रश्न, आलेला माल ठेवायचा कुठं. कारण तुम्ही जसं पुढचं बघून घेतलंय तसंच समोरच्यानंही घेतलंय. तुम्ही दोन लग्नं करून येता आणि हातात चार साड्या, सहा टॉवेल आणि टोप्यांची चळत असते. टोपी घालणारा माणूस गावात एखाददुसरा उरलाय, पण टोप्यांचा पुरवठा काही थांबलेला नाही. आहेरातला टॉवेल अंग पुसायला घेऊ नये. त्याला पाणी लागलं की तो दस्तीएवढा होतो आणि त्याची किंमत जाते. घडी न मोडता, पिन न काढता, जसा आला तसा पुढं पाठवावा. ब्लाउज पीसचं तर विचारूच नका. आपल्याकडचे काही ब्लाउज पीस जिंतूरहून निघून सेनगाव, कळमनुरी, अर्धापूर करत औशापर्यंत गेलेत आणि अजून कोणाच्या अंगाला लागलेले नाहीत. त्यांनी जेवढा मराठवाडा पाहिलाय तेवढा आपल्या आमदारांनी पाहिला असेल का, शंका आहे.

या फिरवाफिरवीत धोका एकच : साडी मूळ मालकिणीकडं जाणे. भर मांडवात पदर चाचपून, ‘‘गं बाई, ही तर म्याच दिल्ती की!’’ असं कोणी म्हटलं की तीन पिढ्यांचं जाणं-येणं बंद. म्हणून प्रत्येक साडीच्या पिशवीत चिठ्ठी टाका : कोणाकडून, कोणत्या लग्नात, काठ कसे. चिठ्ठी साडी देताना काढायची असते, हेही दुसऱ्या चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा. नियम साधा ठेवा. साडीनं किमान एक जिल्हा ओलांडला पाहिजे. परभणीत आलेली हिंगोलीत देऊ नये. ते दोन्ही १९९९ पर्यंत एकच जिल्हा होते आणि सोयरीक अजूनही विभागलेली नाही. परभणीची साडी बीडला जाऊ द्या, धाराशिवला जाऊ द्या.

जुनी माणसं या बाबतीत फार आखडू होती. पातेलं घेतलं की दुकानाच्या पायरीवरच मशीनवाल्याकडून त्याच्यावर नाव घालून घ्यायची. कोणाकडून, कोणाला, तारखेसकट. पातेल्याला बूड गळेपर्यंत त्या घरातून सुटका नसायची. त्यानंतर लेमन सेट आला, भिंतीवरचं घड्याळ आलं, आणि नाव घालायची पद्धत गेली. देशाच्या अर्थव्यवस्थेत मोकळेपणा आला तो १९९१ साली म्हणतात. आमच्याकडं तो भांड्यावरचं नाव गेल्यावर आला. तुम्ही चुकूनही नाव घालू नका. दुकानदार फुकट घालून देतो म्हणाला तरी हात जोडा.

पैठणीचा मोह झाला तर काय करावं? पैठणला जाऊन हातमागावर एक पैठणी विणली जाताना पाहून यावी. काठापदराचं काम भरगच्च असेल तर महिने जातात. विणणाऱ्याची मान बघावी, किंमत ऐकावी, पाणी प्यावं आणि बाहेर येऊन ‘सेमी’ घ्यावी. देताना मात्र आवाज खाली करून ‘पैठणची आहे’ म्हणावं. घेतली पैठणमध्येच, त्यामुळं यात खोटं काही नाही.

आता धोंड्याचा महिना. लोक तो आल्यावर असे दचकतात जणू गारपीट झाली. अहो, पंचांगात तो छापलेला असतो. २०२३ साली श्रावण अधिक होता, २०२६ साली १७ मेपासून ज्येष्ठ अधिक, त्यानंतरचा २०२९ मध्ये. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणारच. या महिन्यात लग्नं नसतात म्हणून माणूस जरा हुश्श करतो, तर जावई येतात. पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, तांब्याच्या ताटात दिवा, जावयाला कपडे, लेकीला साडी, आणि चांदीचं काहीतरी, कारण शेजाऱ्यांनी दिलंय. यावर उपाय लांबचा आहे. मुलगी दहावीत असतानाच जावयाचा पँट-शर्टपीस आषाढाच्या सेलमध्ये घेऊन ठेवा. पीस कोणत्याही अंगाच्या जावयाला बसतो, हे शिवलेल्या कपड्याचं नसतं. रंग राखाडी घ्या. काळा जावई असो, गोरा असो, सरकारी नोकरीवाला असो की ‘पुण्यात कंपनीत’ असो, राखाडीला कोणी नाही म्हणत नाही आणि कोणी शिवतही नाही. म्हणजे तो पुढच्या धोंड्याला त्याच्याच धाकट्या साडूला देता येतो. मुलगी पुढं शिकायचं म्हणाली तर मात्र पीस पडून राहतो. तिला तसं समजावून सांगा.

भाऊबीजेचं नियोजन आता पूर्वीसारखं सोपं राहिलेलं नाही. सरकारनं जुलै २०२४ पासून बहिणींना महिन्याला १५०० द्यायला सुरुवात केली आणि सख्ख्या भावांची पंचाईत केली. वर्षातून एकदा ताटात १०१ टाकणारा भाऊ तिथं कसा दिसणार? एक पळवाट आहे. ओवाळून झाल्यावर विषय काढायचा, ‘‘ताई, केवायसी झालं का गं तुझं?’’ ती लगेच मोबाइल शोधायला उठते. ताटात काय पडलं ते बघायचं राहून जातं.

पाकिटांचंही आधीच करून ठेवा म्हणणारे लोक आहेत. त्यांना २०१६ आठवत नाही. ऐन लग्नसराईच्या तोंडावर, ८ नोव्हेंबरच्या रात्री, पाचशेच्या नोटा भरून गोंद लावून ठेवलेली पाकिटं किती घरांत होती! त्यातली काही तशीच वाटली गेली आणि वहीत रीतसर ५०० लिहिली गेली. तेव्हा पाकीट रिकामंच घ्यावं, एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. तो रुपया आपल्याला परका नाही. २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षं तेवढ्यात अख्ख्या शेताचा पीक विमा निघत होता. २०२५ ला ती योजना बंद झाली, त्यामुळं तुमचा तो रुपया सध्या मोकळाच आहे. पत्रिकेवर ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ असं छापलेलं दिसलं तरी पाकीट खिशात असू द्या. स्टेजच्या मागं वही घेऊन कोणी बसलंय का, ते आधी डोकावून पाहा. बसलेलं असतंच.

एवढं सगळं पाळलं की दोन-तीन लग्नसराईत तुमचं कपाट बंद होईना होतं. मग लोक विचारतात, आता काय? आता दुसरं कपाट. लोखंडी, तीन दारांचं, तेही आषाढातच घ्या, सूट असते. किंमत साड्यांवर वाचवलेल्या पैशांपेक्षा जरा जास्त जाईल. तिकडं लक्ष देऊ नका, कारण हे कपाट खर्चात धरायचं नाही. मुलीचं लग्न ठरलं की ते रुखवतात मांडायचं, साड्या, टॉवेल, टोप्या, लेमन सेट, राखाडी पीस यांच्यासकट, वर किल्लीला लाल रिबीन बांधून. व्याही खूश होतात. गाडीत चढवताना चार माणसं लागतील, ती त्यांचीच लावा. फक्त कुलूप घालण्याआधी एकदा चिठ्ठ्या वाचून घ्या. वरमाईनं साखरपुड्यात दिलेली साडी त्यात नाही ना, तेवढं बघा.