अकरावी सायन्स : कॉलेजात न येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

दहावीला नव्वदच्या पुढे टक्के मिळवून अकरावी सायन्सला निघालेल्या गुणवंतांनो, सर्वप्रथम अभिनंदन. चौकातल्या फ्लेक्सवर तुमचा फोटो पाहिला. त्यात भाऊंचा फोटो तुमच्या चौपट मोठा होता, पण ते मनावर घेऊ नका. त्यांनी कष्टही चौपट घेतले असतील.

तर आता शाळा संपली, कॉलेज सुरू. फरक काय, असं विचाराल. वरवरचे पुष्कळ आहेत. 'बाई' जाऊन 'मॅडम' येतात, तासाला लेक्चर म्हणायचं, डबा नेण्याची लाज वाटायला लागते. पण मुख्य फरक एकच: शाळेत जावं लागायचं. एवढं नीट डोक्यात बसलं की पुढच्या सूचना सोप्या आहेत. मी एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, म्हणजे निदान शिकवायच्या तयारीने वर्गावर जातो, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.

प्रवेशाचं आधी बघू. 2025 पासून अकरावीचा प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालाय, अर्जात 10 पर्यंत पसंतीची कॉलेजं टाकता येतात. लायब्ररी कशी आहे, लॅब कशी आहे, शिकवतं कोण, हे बघून पसंती भरायची असते असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही फारच भोळे आहात. आधी क्लास ठरतो. मग क्लासच्या ऑफिसातली ताई एका कागदावर कॉलेजचं नाव लिहून देते, ते पहिल्या नंबरला टाकायचं. मॅपवर शोधायच्या फंदात पडू नका, उगाच मन खट्टू होतं. (पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. हे मात्र चेष्टेत सांगत नाही.) हायवेलगत, मंगल कार्यालयाच्या मागे, चार खोल्यांचं कॉलेज आणि कटऑफ शहरातल्या जुन्या नावाजलेल्या कॉलेजच्या वर, हे कसं काय, असं आजोबांनी विचारलं तर 'इंटिग्रेटेड आहे' एवढंच सांगा (म्हणजे नाव कॉलेजच्या पटावर, शिकणं क्लासमध्ये). इंग्रजी शब्द ऐकला की आजोबा पुढे विचारत नाहीत.

हजेरी. बोर्डाचा 75 टक्क्यांचा नियम आहे म्हणतात. 2018 साली सरकारने अकरावी-बारावी सायन्सला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, आमच्याकडेही यंत्र आलं. हल्ली त्याच्या खिळ्याला शिपाईमामा छत्री अडकवतात. पावसाळ्यात फार उपयोगी.

वर्गमित्र: निरोप समारंभाला भेटतील.

मराठी: घेऊ नका. आयटी घ्या, मार्क पडतात. मराठी काय, घरात बोलतोच की आपण. पुढे रजेचा अर्ज लिहायची वेळ आली तर चॅटजीपीटी आहे.

पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा: प्रकल्प झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळतो. फक्त पहिल्या पानावरचं आधीच्याचं नाव बदलायला विसरू नका.

आता जर्नल, म्हणजे प्रयोगवही. इथे जरा थांबतो, कारण परवाच एक गृहस्थ स्टाफरूममध्ये आले होते. मुलगा अकरावी संपवून बारावीत गेलेला. हातात त्याची फिजिक्सची जर्नल, खाकी कव्हर, वर स्टिकर, आत लाल पेनने चौकटी. म्हणाले, "सर, वर्षभराच्या सह्या राहिल्यात, तेवढ्या करून द्या." मी म्हटलं, मुलगा कुठंय? "त्याला कुठला वेळ, बारावीचं सुरू झालं ना क्लासला." अक्षर फार सुंदर होतं. मी तसं म्हटलंही. तर अभिमानाने म्हणाले, "मावशीचं आहे त्याच्या. ती ब्यूटीपार्लर चालवते, पण अक्षर बघा."

मावशींबद्दल माझी काही तक्रार नाही. बाईंनी जीव ओतून लिहिलं होतं. फक्त साध्या लंबकाच्या तक्त्यात लांबी वरून खाली उतरवली होती आणि वेळ खालून वर. त्यामुळे 80 सेंटिमीटरच्या लंबकाला 20 आंदोलनांना 40 सेकंद, आणि 100 सेंटिमीटरच्या लंबकाला 36. म्हणजे दोरी जितकी लांब, तितका लंबक चपळ! आणि एवढी उलथापालथ होऊनही खाली उत्तर काय, तर g, म्हणजे गुरुत्वत्वरण, बरोबर 9.8. एका शतांशाचीही चूक नाही. गॅलिलिओच्या काळापासून चालत आलेली समजूत एका मावशींनी मोडीत काढली आणि मी त्याच्यावर 'तपासले' म्हणून सही करायची.

मी म्हटलं, असं करा, मुलाला पाठवा. दहा मिनिटं. स्टँड आहे, दोरा आहे, स्टॉपवॉच आहे. त्याने लंबक हलवून एक रीडिंग घ्यावं, मी बाकीच्या सगळ्या पानांवर डोळे मिटून सह्या करतो. नियमाने तेही बसत नाही, पण तेवढी सूट दिली.

"सर, टेस्ट सिरीज चालू आहे. दहा मिनिटांसाठी त्याला इकडे आणायचं म्हणजे जाऊन-येऊन दोन तास." मग जरा विचार करून, "मीच करून दाखवू का?"

आणि मग तो प्रश्न, जो दर वर्षी कोणीतरी विचारतंच: "सर, सही केली तर तुमचं काय जातं?"

माझं काय जातं? नाही, खरंच, काय जातं? पेनातली शाई. बारावीच्या प्रॅक्टिकलला 30 मार्क असतात, थिअरीला 70. ते 30 आपल्या घरचेच, असं गावातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. ज्याने आयुष्यात स्क्रू गेज हातात धरलेला नाही त्यालाही 28 आणि ज्याने मीटर ब्रिजवर नल पॉइंट मिळवायला अर्धा तास घाम गाळला त्यालाही 28. मग तो दुसरा मुलगा कशाला यायचा परत लॅबमध्ये? तो शहाणा होतो आणि पुढच्या आठवड्यापासून तोही क्लासला बसतो. आणि आम्ही रिकाम्या बाकांपुढे रेझोनन्स ट्यूब धरून उभे! पाणी खाली-वर, खाली-वर, आवाज ऐकायला कोणी नाही!

बरं, मुलांचं गणित चुकतंय असंही नाही. त्यांनी फार अचूक हिशेब केलाय. राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेतून इंजिनिअरिंगला जायचं तर बारावीच्या पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) खुल्या गटात 45 टक्के पुरतात, मेरिट लागतं सीईटीच्या पर्सेंटाइलवर. त्या सीईटीत अकरावीचा वाटा 20 टक्के, बारावीचा 80. मेडिकलला नीटचे 180 प्रश्न, 720 मार्क, त्यात लंबक हलवून दाखवा असं कोणी म्हणत नाही. जिथे पर्याय काळा करायचाय तिथे दोरा कोण बांधत बसणार? व्यवस्थेनेच लॅबला फुलीचा कागद चिकटवलाय, पोरं फक्त तो वाचतात.

तेव्हा गुणवंतांनो, पुढच्या सूचना ऐका. सकाळी सहाला उठा. क्लासच्या हॉलमध्ये जा, जिथे माइकवरून शिकवतात. टेस्टमध्ये घसरलात की बॅच बदलेल, खालच्या बॅचला खालचा सर. मग डीपीपी, म्हणजे क्लासने दिलेली रोजची सराव-गणितं, सोडवा. रात्री नऊला घरी. खेळ नको, गॅदरिंग नको, शंका तर अजिबात नको, शंकांना वेगळा काउंटर आहे. कोणी विचारलं 'कुठल्या कॉलेजात आहेस', तर क्लासचं नाव सांगा, कॉलेजचं नाव तुम्हाला आठवणारही नाही. परवा एका मुलाला बोनाफाइडवर लिहायला कॉलेजचं पूर्ण नाव विचारलं, तर त्याने

जाऊ द्या. हे असं तिरकस लिहून काही होत नाही. जे करतात ते वाचून हसतात आणि क्लासच्या ग्रुपवर फॉरवर्ड करतात. सरळच बोलतो.

पालकांनो, ही पोरं सोळा वर्षांची आहेत. त्यांना स्वतःच्या मर्जीने आयुष्यात पहिल्यांदा एखादं पुस्तक लायब्ररीतून काढायचं असतं, दुसऱ्या गावाहून एसटीने आलेल्या मुलाशेजारी बसायचं असतं, एखाद्या लेक्चरला झोपून बोलणी खायची असतात, दोरा बांधून लंबक हलवायचा आणि उत्तर 9.3 आलं तर का आलं म्हणून डोकं खाजवायचं असतं. ते 9.3 त्याचं स्वतःचं असतं. तुम्ही मावशीकडून 9.8 लिहून आणता आणि वर मला विचारता, तुमचं काय जातं.

संस्थाचालकांनो, तुम्हीही साळसूद बनू नका. मुलगा तुमच्या पटावर आणि बाकावर क्लासच्या, यात डोक्यामागे कोणाला काय मिळतं हे आम्हा स्टाफला कळत नाही असं समजू नका. प्रयोगशाळेच्या नावाने फी घेता ना? मग काचेची कपाटं उघडा एकदा, आत उपकरणं आहेत की झुरळं ते बघा. आणि माझ्याच काही व्यवसायबंधूंनो, सकाळी कॉलेजच्या मस्टरवर सही आणि दुपारी त्याच पोरांना क्लासमध्ये 'सर' म्हणून सामोरं जाणं, तेही अनुदानित पगार घेऊन आणि शिकवण्यांवर बंदी असताना, याला काय म्हणतात ते स्टाफरूममध्ये माझ्या तोंडून ऐकलंयत, इथे छापायच्या लायकीचं नाही.

राहता राहिला सरकारी नियम. तपासणीचं पथक येणार हे आदल्या दिवशी कळतं, क्लासच्या बस भरून पोरं येतात, पंख्याखाली बसतात, आणि पथकाची पाठ वळली की त्याच बसने परत. एकदा न सांगता या. मंगळवारी या, दुपारी बारा ते दोन माझं प्रॅक्टिकल असतं. पटावरची नावं वाचा आणि समोरची डोकी मोजा, बस्स, बाकी अहवाल लिहायला काही लागणार नाही.

आणि यापुढे मुलाशिवाय जर्नल घेऊन कोणी स्टाफरूममध्ये आलं, तर जर्नल ठेवून घेईन. सही होणार नाही. प्राचार्यांकडे जायचं असेल तर खुशाल जा, जिना चढून डावीकडे.